फेदरिंग प्रोपेलर घ्यावा का? शिडाच्या बोटीवाल्यांनी कृपया सांगा

भरतीओहोटी (साउदॅम्प्टन)

नमस्कार मंडळी. इथे शिडाची बोट चालवणारे, पूर्वी चालवलेले आणि नुसते समुद्रवेडे असे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतोय.

आमची बोट ३३ फुटी, १९८६ सालची, फिन कील (तळाखाली पंखासारखा अरुंद, खोल भाग), पाण्याच्या रेषेवर लांबी २७ फूट, वजन साडेपाच टनाच्या आसपास. २८ हॉर्सपॉवरचं डिझेल, सरळ शाफ्ट आणि त्याला ब्राँझचा १६ इंची तीन पात्यांचा साधा फिक्स्ड प्रोपेलर. बोट सोलंटमध्ये (साउदॅम्प्टन आणि वाइट बेटामधली सामुद्रधुनी) असते, शनिवार-रविवार वाइट बेटाच्या आजूबाजूला आणि उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्समधलं शेरबूर किंवा त्याच्या पुढे.

इंजिन बंद करून शिडांवर आलो की हा प्रोपेलर नुसता मागे ओढला जातो. फेदरिंग लावला तर अर्धा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेग वाढतो असं बंदरात प्रत्येकजण सांगतो. नीडल्सपासून (वाइट बेटाचं पश्चिम टोक) शेरबूर साधारण ६० सागरी मैल आहे, म्हणजे ५ नॉटने १२ तास आणि साडेपाचने ११ तासांच्या आत. एक तास ऐकायला कमी वाटतो पण परत येताना सोलंटच्या पश्चिमेला हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडाशी तास उशीर झाला आणि उधाणाचे दिवस असले तर ४ नॉटचा प्रवाह विरुद्ध मिळतो, मग त्या एका तासाचे चार होतात.

किंमत मात्र तीन पात्यांच्या चांगल्या फेदरिंगची दोन ते तीन हजार पौंड, शिवाय बोट उचलायचा खर्च. माझा कल घ्यावा असा आहे. पण ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांच्याकडून ऐकायचंय, फायदे पण आणि त्रास पण.

पडाव

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, फेदरिंग म्हणजे नक्की काय होतं? पाती मिटतात का?

सुकाणू (पणजी)

@पडाव, मिटतात तो फोल्डिंग. दोन्ही वेगळे आहेत आणि या धाग्यात ते एकमेकांत मिसळणार आहेत म्हणून आधीच लिहून टाकतो.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा समोर धरला तर वारा हात मागे फेकतो, तळवा जमिनीला समांतर केला की हात तसाच बाहेर असूनही काही जाणवत नाही. फेदरिंगमध्ये तेच होतं, पातं आपल्या जागी उभंच राहतं, फक्त स्वतःच्या आसाभोवती फिरून पाण्याच्या प्रवाहाला धार दाखवतं. मॅक्स-प्रॉपसारख्या प्रकारात तिन्ही पाती आत दात्यांच्या चाकांनी जोडलेली असतात त्यामुळे सगळी एकदम फिरतात. ब्रंटन्सच्या ऑटोप्रॉपमध्ये प्रत्येक पातं सुटं फिरतं आणि इंजिनावर चालताना भाराप्रमाणे पिच, म्हणजे पात्याचा तिरकेपणा, आपोआप कमीजास्त होतो.

फोल्डिंगमध्ये पाती बिजागरीवर असतात आणि मागच्या बाजूला मिटतात. फ्लेक्सोफोल्ड, गोरी हे त्यातले, दोन्ही डेन्मार्कचे. इंजिन चालू केलं की फिरण्याच्या जोराने उघडतात. ओढ सगळ्यात कमी यांचीच आणि दोन पात्यांचा घेतला तर फेदरिंगपेक्षा बराच स्वस्त.

फिक्स्ड म्हणजे फिक्स्ड. त्यात बिघडायला काही नाही.

खारेवारे (मुंबई)

सोलंटसाठी कदाचित घ्या, आमच्या पाण्यात मी कोणाला सांगणार नाही. गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) बोट असते, मरीना नाही, पाणी बाराही महिने कोमट. डिसेंबरात तळ घासून घेतला तरी पुढच्या महिन्यात प्रोपेलरवर बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) बसलेले असतात. फिक्स्डवर बसले तर वेग कमी होतो, पाणबुड्याला खाली पाठवून खरवडून घेतो, विषय संपला. फेदरिंगच्या हबमध्ये (पाती बसवलेला मधला गाभा) आणि पात्याच्या बुंध्याशी बसले की पातं फिरतच नाही, आणि अर्धवट फिरलेलं पातं हे फिक्स्डपेक्षा वाईट कारण त्यानंतर इंजिनावर सुद्धा नीट चालत नाही.

दुसरं म्हणजे जाळी. आमच्याकडे डोल जाळ्यांच्या खुंट्या, सुटलेले दोर, आणि बंदरात प्लास्टिक पिशव्या. हे सगळं कधी ना कधी पंख्यात जातंच. तीन हजार पौंडांचं नाजूक यंत्र मी त्यात घालणार नाही. एकदा दोर गुंतून पातं वाकलं तर सुटा भाग परदेशातून येईपर्यंत सीझन संपतो. मेअखेर बोट वर आणि ऑक्टोबरात परत पाण्यात, म्हणजे वापरायला मिळतात सात-आठ महिने, त्यातले दोन वाट बघण्यात घालवायचे?

गलबत

खारेवारे +१. जाळ्याचा मुद्दा सगळे विसरतात.

आर्किमिडीज_पुणेकर

मी बोटवाला नाही पण पंप आणि इम्पेलरमध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे हा धागा सोडवेना. "अर्धा नॉट" हे सगळीकडे ऐकू येतं, जरा आकडे मांडून बघू.

धागाकर्त्यांचा प्रोपेलर १६ इंची. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.१३ चौरस मीटर. त्यातला निम्मा भाग पात्यांनी भरलाय असं धरलं तर ०.०६५. शाफ्ट लॉक आहे, पाती प्रवाहाला आडवी आहेत, ड्रॅगचा गुणांक १.२ धरतो. ५ नॉट म्हणजे सेकंदाला २.५७ मीटर, समुद्राच्या पाण्याची घनता १०२५. सगळं सूत्रात घातलं की येतं साधारण २६० न्यूटन, म्हणजे २७ किलोच्या आसपास. अंदाजच आहे, पण जातकुळी कळते. २७ किलोची ओढ सतत मागे लागलेली आहे.

हीच ओढ ३ नॉटला १० किलोच्या आत येते कारण ती वेगाच्या वर्गाने बदलते. मग लोक म्हणतील की हळू जाताना फरक पडत नाही. खरं तर उलटं आहे. ३ नॉटला बोटीचा स्वतःचा विरोध पण फार कमी असतो, तेव्हा शिडांकडे ताकदच मोजकी असते आणि त्या मोजक्या ताकदीतला मोठा हिस्सा प्रोपेलर खातो. जोराच्या वाऱ्यात काय होतं? २७ फुटांच्या बोटीचा हल स्पीड १.३४ गुणिले २७ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ७ नॉट. त्याच्या जवळ गेलं की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, विरोध एकदम चढतो, तिथे प्रोपेलर काढून टाकला तरी वेग फार वाढणार नाही.

म्हणून माझं मत असं की "किती नॉट वाढतील" हा प्रश्न अपुरा आहे. वारा ६ ते १० नॉट असताना तुम्ही इंजिन लावता की शिडांवर राहता, त्यावर हे पैसे वसूल होणार की नाही ते ठरेल.

नांगर_टाका (हूर्न, नेदरलँड्स)

पुणेकरांनी छान मांडलंय. तरी मी विरोधात मत देणार.

जवळपास चाळीस वर्षं जुनी बोट आहे ना तुमची? शिडं किती जुनी आहेत ते लिहिलं नाहीत. दोन-तीन हजार पौंडात त्या मापाचा एक चांगला नवा जेनोआ (पुढचं मोठं शीड) येतो. पोट फुगलेलं जुनं डॅक्रॉनचं शीड घेऊन वाऱ्याच्या तोंडावर चढताना जे नुकसान होतं ते बोट तिरकी पडण्यात आणि कोन जाण्यात होतं, ते प्रोपेलर भरून देत नाही. त्याच्याही आधी तळ. आमच्याकडे मार्करमेअरचं पाणी गोडं असूनही सीझनच्या मध्यात तळावर शेवाळाचा चिकट थर येतो, तो नुसता पुसून घेतला तरी स्पीडोमीटरवर लगेच दिसतं. तळ स्वच्छ, मग शिडं, मग प्रोपेलर. हा क्रम उलटा करणारे खूप बघितले.

आणि बंदरात "अर्धा नॉट" सांगणारे बहुतेकजण नवा प्रोपेलर लावायला बोट वर काढतात तेव्हाच अँटीफाउलिंग (तळावर जीव बसू नयेत म्हणून लावायचा रंग) पण नवं मारतात. मग कशाने वेग वाढला हे कसं कळणार?

भरतीओहोटी

@नांगर_टाका, शेवटचा मुद्दा एकदम पटला, हे मी कधी या बाजूने बघितलं नव्हतं. जेनोआ तीन वर्षांपूर्वी नवा घेतलाय, मेनसेल जुनी आहे पण आकार अजून बरा आहे. तळ दर वर्षी मार्चमध्ये होतो.

गलबत

प्रोपेलर न बदलता फुकटातला उपाय आहे, शाफ्ट लॉक करून टाका. इंजिन बंद केलं की गियर रिव्हर्सला टाका म्हणजे प्रोपेलर फिरायचा थांबतो. फिरणारा प्रोपेलर पूर्ण वर्तुळाची भिंत झाल्यासारखं पाणी अडवतो. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरत राहतो म्हणूनच ते हळू उतरतं, पंखा थांबला तर दगडासारखं पडेल. फिरणं म्हणजे जास्त अडथळा.

आर्किमिडीज_पुणेकर

@गलबत, हा वाद जगातल्या प्रत्येक बंदरात चालतो आणि हेलिकॉप्टरचं उदाहरण दर वेळी येतं. हेलिकॉप्टरच्या पात्याचा पिच उतरताना मुद्दाम अगदी कमी केलेला असतो, ते पातं पंखासारखं उचल देत फिरतं. बोटीच्या प्रोपेलरचा पिच खूप जास्त असतो, तो त्या पद्धतीने काम करत नाही.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात शिडाच्या बोटींच्या प्रोपेलरवर टाकीत चाचण्या झाल्या होत्या, २००८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. निष्कर्ष सरळ होता, लॉक केलेल्या फिक्स्ड प्रोपेलरची ओढ मोकळ्या फिरणाऱ्यापेक्षा जास्त. मोकळा फिरताना शाफ्टवर घर्षण किती आहे त्यावर फायदा किती ते ठरतं. ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) घट्ट आवळलेला असेल तर फायदा कमी होतो.

सुकाणू

यात गियरबॉक्सचं पण बघा. यानमार इंजिन असेल तर फिक्स्ड प्रोपेलर असताना शिडांवर गियर न्यूट्रललाच ठेवा असं कंपनी सांगते, नाहीतर कोन क्लच खराब होतो. दुसऱ्या काही गियरबॉक्सना मोकळं फिरणं चालत नाही कारण इंजिन बंद असताना आत तेल फिरत नाही. ज्याचं त्याचं मॅन्युअल वाचून ठरवावं, शेजारच्या बोटीवाल्याच्या सल्ल्यावर नको.

आणि मोकळा फिरणारा शाफ्ट रात्रभर घुंऽऽ करत राहतो. मागच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याला विचारा. बेअरिंग आणि सील झिजतात ते वेगळंच. फेदरिंगचा हा फायदा कोणी हिशेबात धरत नाही, शाफ्ट थांबलेला असतो आणि ओढ पण नसते, त्यामुळे लॉक की मोकळा हा वादच उरत नाही.

गलबत

मान्य, शोधनिबंधापुढे हेलिकॉप्टर उतरवलं :)

तांडेल_मिरकरवाडा

आमच्यात ट्रॉलर आहेत, शिडं आजोबांच्या वेळी होती. पंखा आमचा मोठा, इंजिन कायम चालू, त्यामुळे मिटणारा नि फिरणारा पंखा कशाला हवा असा पहिला विचार आला. पण धागा वाचून कळलं, तुमचं इंजिन बंद असताना हे लागतं.

एक सांगतो. पंखा वर काढला की त्याचा रंग बघा. पितळेसारखा पिवळा असायला हवा. गुलाबी, तांब्यासारखा डाग दिसला आणि हातोडीने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजला नाही तर त्यातलं जस्त गेलेलं आहे, तो पंखा कधी तुटेल सांगता येत नाही. झिंक (गंजाचा मारा स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) वेळेवर बदलत नाहीत त्यांचं असं होतं. धागाकर्त्यांचा पंखा एवढ्या वर्षांचा असेल तर आधी हे बघा. तसाही बदलायची वेळ आली असेल तर हिशेबच वेगळा होईल.

भरतीओहोटी

@तांडेल, हे फार कामाचं सांगितलंत. बोट वर येईल तेव्हा पहिलं हेच बघतो. खरंच आहे, फिक्स्ड पण नवा घ्यायचा झाला तर चार-पाचशे पौंड जातातच, मग फरकाची रक्कम तेवढी कमी धरायची.

दक्षिणवारा (ऑकलंड)

आमच्याकडे हौराकी गल्फमध्ये निम्म्या बोटींना किवीप्रॉप असेल. पाती काचतंतू घातलेल्या नायलॉनची आणि हब स्टेनलेसचा, त्यामुळे ब्राँझवाल्यांपेक्षा हलका आणि बराच स्वस्त. पातं लाकडाच्या ओंडक्यावर आपटून तुटलं तर तेवढं एक पातं बदलता येतं. आम्ही कित्येक सीझन वापरतोय. वर्षातून एकदा बोट वर काढली की ग्रीस भरायचं, एवढंच.

@खारेवारे, बार्नेकलसाठी प्रॉपस्पीड वापरून बघितलंय का? सिलिकॉनचा कोट आहे, विष नाही, इतका गुळगुळीत की बसलेले जीव बोट चालली की सुटून जातात. मात्र बोट महिनाभर जागेवर उभी राहिली तर त्याचाही इलाज चालत नाही, चालत्या बोटीलाच उपयोग.

खारेवारे

@दक्षिणवारा, ऐकून आहे. आमच्या बोटी शनिवार-रविवार सोडला तर उभ्याच असतात, तिथेच घोडं अडतं.

पडाव

अवांतर: नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटींवर असाच काही असेल का? अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला गेटवेहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परत आले, मध्ये कुठेही थांबले नाहीत. पाच महिने जर तो प्रोपेलर नुसता ओढायचा असेल तर केवढं नुकसान.

सुकाणू

@पडाव, म्हादेई आमच्याच दिवाडी बेटावर ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली, व्हॅन द स्टाट यांच्या टोंगा ५६ या डिझाइनवरून. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तीच घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. मांडवीत ती उभी असायची तेव्हा आम्ही मुद्दाम बघायला जायचो. आतल्या यंत्रणेबद्दल मी बोलणार नाही, पण तुमचा मुद्दा योग्य आहे. प्रवास जितका लांब आणि इंजिनाचे तास जितके कमी तितकं प्रोपेलरच्या ओढीचं महत्त्व वाढतं. व्हेंदी ग्लोब या एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत तर शाफ्टला सीलच लावतात, म्हणजे शर्यतीत इंजिनाने बोट ढकलली नाही याचा पुरावा.

नांगर_टाका

अवांतराला जोडून: टॉमींनी २०२३ ला गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला ती बायानत ही रस्लर ३६, लाँग कीलची, म्हणजे तळाखाली लांबच लांब कील असलेली. अशा बोटींत प्रोपेलर कील आणि सुकाणूमधल्या खाचेत असतो. तिथे फोल्डिंग बसवणं अवघड, मिटलेली पाती मागे सुकाणूला लागतात. फेदरिंगला मागे जागा लागत नाही म्हणून लाँग कीलवाले तोच घेतात.

आणि ज्यांना पैसे घालवायचेच नाहीत त्यांच्यासाठी जुनी युक्ती, दोन पात्यांचा साधा प्रोपेलर लावायचा, शाफ्टवर रंगाची खूण करायची आणि शिडांवर आलं की खूण वर येईपर्यंत हाताने शाफ्ट फिरवून अडकवायचा. दोन्ही पाती उभी राहून कीलच्या मागे लपतात. फिन कीलवर याचा फार उपयोग नाही कारण तिथे लपायला मागे काही नसतं.

गलबत

म्हणजे फेदरिंगला खर्च न करता "लपरिंग". घ्या नवा प्रकार.

भरतीओहोटी

मंडळी, इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एक गोष्ट राहिली, रिव्हर्स. आमचा बर्थ (बोट लावायची जागा) असा आहे की प्रवाह आडवा येतो आणि मागे घेत बोट लावावी लागते. आत्ताचा फिक्स्ड रिव्हर्सला बरा चालतो पण मागचं टोक डाव्या बाजूला जोरात खेचतो. फोल्डिंग रिव्हर्सला अगदीच कमजोर असतो असं ऐकलंय, फेदरिंगचं काय?

सुकाणू

फेदरिंगच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे असं मला वाटतं, वेगाचा नंतर.

फिक्स्ड पातं पुढे जाण्यासाठी घडवलेलं असतं, रिव्हर्सला ते उलटं चालतं, मागची कड पुढे येते. फेदरिंगचं पातं रिव्हर्स टाकल्यावर अर्धा फेरा फिरतं आणि तीच पुढची कड पुन्हा पाणी कापते, त्यामुळे मागे ओढायचा जोर पुढच्याइतकाच मिळतो. बोट थांबवायची झाली तर अक्षरशः जागच्या जागी थांबते. मागचं टोक खेचणं कमी होतं, पूर्ण जात नाही. फोल्डिंगमध्ये रिव्हर्सला पाणी पाती मिटवायला बघत असतं आणि फक्त फिरण्याचा जोर त्यांना उघडं ठेवतो. नवे तीन पात्यांचे फोल्डिंग बरेच सुधारलेत, पण ते घेऊनही आरपीएम जास्त द्यावा लागतोच.

याची किंमत म्हणजे बहुतेक फेदरिंगची पाती सपाट असतात, फिक्स्डसारखा त्यांना पीळ देता येत नाही, त्यामुळे इंजिनावर पुढे जाताना थोडी कार्यक्षमता जाते. पिच मात्र बदलता येतो. जुन्या मॅक्स-प्रॉपला त्यासाठी हब उघडावा लागायचा, इझी प्रकारात बाहेरूनच स्क्रूने होतो.

सवय बदलावी लागते ती दोन ठिकाणी. फॉरवर्डमधून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, इंजिन आयडलला आणायचं, नाहीतर पाती उलटताना हबमध्ये असा दणका बसतो की पाहुणे उडतात, आणि गियरबॉक्सचे दात काही फुकट येत नाहीत. दुसरं म्हणजे फेदर करताना. शाफ्ट फिरत राहिला तर पाती धार दाखवतच नाहीत. बोट २-३ नॉटने चालत असताना इंजिन गियरमध्येच ठेवून बंद करायचं, शाफ्ट थांबला की पाण्याच्या दाबाने पाती वळतात. त्यानंतर न्यूट्रल. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, पण शाफ्ट थांबायला हवा हे सगळीकडे समान. हायड्रॉलिक गियरबॉक्स इंजिन बंद असताना शाफ्ट धरू शकत नाही, तिथे वेगळा ब्रेक बसवावा लागतो.

खारेवारे

रिव्हर्सचं मान्य. मूरिंगवाल्यांना मागे घ्यायचा प्रसंगच कमी येतो म्हणून मी तो धरलाच नव्हता. मरीनात राहणाऱ्याचं आणि आमचं गणित वेगळं आहे.

बिनाइंजिनाचा

कोणी उलट्या बाजूने विचार केलाय का? प्रोपेलर ओढला जातोच आहे तर त्यातून वीज काढा. इलेक्ट्रिक बोटींत हेच करतात, शिडांवर असताना पाणी प्रोपेलर फिरवतं आणि मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. फिनलंडच्या ओशनव्होल्टचं सर्व्होप्रॉप तर पिच स्वतः बदलतं, वीज हवी तेव्हा वेगळा, नको तेव्हा धार. आमच्या नव्या बोटीसाठी तेच ठरतंय.

आर्किमिडीज_पुणेकर

@बिनाइंजिनाचा, फुकट काही नाही, ती वीज बोटीच्या वेगातूनच येते. जोराच्या वाऱ्यात बोट हल स्पीडजवळ असते तेव्हा शिडांची ताकद तशीही वाया जात असते, तेव्हा ही वीज जवळपास फुकट मिळते. हलक्या वाऱ्यात मात्र तीच ओढ परत अंगावर येते. त्यासाठीच बदलता पिच लागतो. धागाकर्त्यांच्या २८ हॉर्सपॉवर डिझेलला याचा उपयोग नाही, पण कल्पना मला फार आवडली.

गलबत

शर्यतवाल्यांसाठी एक राहिलं. आयआरसी या शर्यतीच्या रेटिंग पद्धतीच्या सर्टिफिकेटमध्ये प्रोपेलरचा प्रकार लिहिलेला असतो. फिक्स्ड असेल तर रेटिंगमध्ये सवलत मिळते, फोल्डिंग-फेदरिंग घेतला की ती जाते. क्लबच्या शर्यतींना जात असाल तर बदल केल्यावर कळवायला हवं.

भरतीओहोटी

शर्यती नाहीत आमच्या, पण कामाचा मुद्दा.

पुणेकरांचं वाचून काल इंजिनाच्या तासांची वही काढून बसलो. उन्हाळ्यातल्या जवळपास प्रत्येक लांब प्रवासात एकच गोष्ट दिसली, वारा ७-८ नॉटवर आला, वेग साडेतीनच्या खाली गेला की आम्ही इंजिन लावलंय. चॅनलच्या मध्यावर दुपारी हे हमखास होतं. म्हणजे ज्या वाऱ्यात प्रोपेलर सगळ्यात जास्त खातो त्याच वाऱ्यात आम्ही हार मानतो. तिथे बोट ४ नॉटने चालली असती तर आम्ही शिडांवरच राहिलो असतो, हे मला स्वतःपुरतं नक्की माहीत आहे. डिझेल वाचलं किती हा आकडा छोटाच येईल, त्यावर पैसे वसूल होणार नाहीत. पण शिडाची बोट घेतली ती इंजिनाच्या आवाजात चॅनल ओलांडायला नाही. शांतपणे चालत राहण्याचे ते तास मला हवेत आणि त्यासाठी एवढे पैसे द्यायची माझी तयारी आहे.

रिव्हर्सने उरलेली शंका पण गेली. आता विचार सेकंडहँड घेण्याचा आहे. कोणी घेतलाय का?

नांगर_टाका

वही काढून बघितलीत हे उत्तम केलंत. नवा जेनोआ आणि स्वच्छ तळ आधीच असेल तर माझा विरोध मागे.

सेकंडहँड चांगला मिळतो, बोट विकताना लोक काढून ठेवतात. प्रत्येक पातं हातात धरून टोकाशी हलवून बघा. थोडी हालचाल चालते, खुळखुळत असेल तर आतली दात्यांची चाकं झिजलीत. काही कंपन्या हब पूर्ण दुरुस्त करून देतात, त्याची किंमत विकत घेण्याआधी विचारा. हबवरचा नंबर कंपनीला कळवला तर मूळ कोणत्या मापाचा होता तेही समजतं.

सुकाणू

मापं आधी घ्या, मग शोधा, उलटं नको. शाफ्टचा व्यास, टेपर आणि किल्लीची खाच. मागच्या आट्यांची जात, जुन्या इंग्लिश बोटींत इंच निघतो आणि नंतर कोणीतरी मेट्रिक शाफ्ट घातलेला असू शकतो, म्हणून कागदावर विसंबून राहू नका. गियरबॉक्सचं रिडक्शन, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना शाफ्टची एक. मागून बघताना फॉरवर्डला प्रोपेलर उजवीकडे फिरतो की डावीकडे. पात्याच्या टोकापासून तळापर्यंत अंतर व्यासाच्या १० ते १५ टक्के तरी हवं. फेदरिंगचा हब लांब आणि जड असतो, तेव्हा शाफ्टच्या मागे सुकाणूपर्यंत किती जागा उरते ते पण मोजा, कारण शेवटी झिंकची टोपी बसवायला आणि काढायला हात जायला हवा. ते झिंक लहान असतं, लवकर संपतं, सीझनच्या मध्ये एकदा बघायचंच.

भरतीओहोटी

लिहून घेतलं. ऑक्टोबरच्या शेवटी बोट वर येतेय, तेव्हा मापं आणि जुन्या प्रोपेलरच्या रंगाचे फोटो दोन्ही इथेच टाकतो.

तांडेल_मिरकरवाडा

फोटो टाका. आणि टिचकीचा आवाज कसा येतो तो पण लिहा.